जावईबापूंची पाच वाजताची बाटली

सोडायची तर अशी सोडायची, की कोणाला पत्ता लागता कामा नये! जावईबापूंनी सलूनच्या मोठ्या आरशासमोर उभं राहून स्वतःला बजावलं आणि आरशातल्या माणसानंही लगेच मान डोलावली. योजना झकास होती. दारू सोडल्याचं बायकोला सांगायचं नाही, सासऱ्यांना सांगायचं नाही, गिऱ्हाइकांना तर मुळीच नाही. शंभर दिवस तोंडाला कुलूप! आणि एकशे एकाव्या दिवशी सकाळच्या चहाला, पेपरातली बातमी सांगावी इतक्या सहज, बायकोला सांगून टाकायचं. मग ती कशी बघते ते बघायचं.

आता तुम्ही म्हणाल, दारू चोरून पिणारे पुष्कळ पाहिलेत, पण चोरून सोडणारा हा कोण शहाणा? तर त्याला कारण होतं. याआधी जावईबापूंनी पाच वेळा दारू सोडली होती आणि पाचही वेळा वाजतगाजत सोडली होती. पाचव्या वेळी तर सासऱ्यांनी कॅलेंडरवर रोज एक फुली मारायला सुरुवात केली, समोरच्या औषधवाल्यांनी येऊन पाठ थोपटली, गिऱ्हाइकं तोंडाला दाढीचा फेस असताना अभिनंदन करू लागली. नऊ फुल्या झाल्या. दहाव्या दिवशी जावईबापू आपल्या घराच्या जिन्यात बसून कुलपाला "उघड रे बाबा, उघड" अशा विनवण्या करत होते. आणि कुलूप शेजाऱ्यांचं होतं!

बायको बाहेर आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याची त्यांना सवय होती. ती शांतपणे म्हणाली, "अहो, यापुढे एक करा. मला काही सांगू नका. सोडली म्हणूनही सांगू नका आणि धरली म्हणूनही सांगू नका. विश्वास ठेवून ठेवून दमले मी आता."

एवढंच बोलून ती आत गेली. जावईबापूंची तिथल्या तिथे खाडकन उतरली. बावीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांना पुष्कळ काही ऐकवलं होतं, पण 'दमले' हा शब्द कधी वापरला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ग्लासाला हात लावला नाही. आणि बायकोनंच सांगू नका म्हटल्यावर सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? सांगण्यासारखा आकडा जमा होईपर्यंत गप्प बसायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं.

जावईबापूंना खरं नाव होतं, पण ते फक्त ओळखपत्राला माहीत होतं. सासऱ्यांच्या सलूनमध्ये बावीस वर्षं कात्री चालवल्यावर पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळेच त्यांना जावईबापू म्हणत. सलून छोटंसंच. खिडकीपाशी पहिली खुर्ची सासऱ्यांची. त्यांना ते मामा म्हणत. मधली खुर्ची जावईबापूंची. तिसरीची कळ बिघडलेली असल्यामुळे तिच्यावर गिऱ्हाइकांचे कोट बसत. दोन्ही भिंतींना समोरासमोर आरसे, मागे एक पडदा, आणि पडद्यामागे टॉवेलांचं कपाट, गरम पाण्याची टाकी आणि मामांच्या टॉनिकचं फळकूट.

हे टॉनिक म्हणजे मामांचा जीव की प्राण! स्पिरिट, कापूर आणि कसलासा पाला घालून ते स्वतः बनवत आणि गडद हिरव्या बाटल्यांत भरून ठेवत. बाटलीवर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी : 'केसांचं टॉनिक. फक्त बाहेरून.' त्यानं केस वाढतात असा मामांचा दावा होता. कृती कुठे लिहिलेली नव्हती, ती मामांच्या डोक्यात होती, आणि त्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नव्हता.

दारू सोडल्यावरचे पहिले दहा दिवस कसे गेले ते विचारू नका. हात असे कापायचे की जावईबापू दहा दिवस वस्तऱ्याच्या वाटेला गेले नाहीत. मनगट मुरगळलंय म्हणून सांगितलं आणि नुसते टॉवेल घड्या करत बसले. पण खरा वैरी म्हणजे संध्याकाळचे पाच. पाच वाजले की घसा वखवखायचा, जिभेला आठवणी यायच्या आणि पाय आपोआप दाराकडे वळायचे. या पाच वाजण्याला काहीतरी द्यायला हवं होतं. नुसतं पाणी दिलं तर ते ऐकेना.

मग जावईबापूंनी प्रयोग सुरू केले. आलं ठेचून त्यात लिंबू, मध, चिमूटभर मीठ, पुदिन्याची चार पानं आणि वरून सोडा. पहिल्याच घोटाला कान गरम झाले! काळा चहा गार करून त्यात संत्र्याची साल टाकली, तर असा काही रंग आणि असा काही कडवटपणा आला की जीभ फसली आणि खूशही झाली. डाळिंबाच्या रसात भरडलेली मिरी घातली, तेव्हा तर त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला. इतकी वर्षं आपण त्या कडू पाण्यासाठी नाक दाबत होतो, आणि जगात एवढ्या चवी नुसत्या पडून होत्या! हळूहळू उलटंच झालं. ज्या पाचला ते घाबरायचे, त्या पाचची ते दुपारी जेवल्यापासून वाट बघू लागले.

पण ठेवायचं कुठे? सरबताच्या बाटल्या दिसल्या तर मामा एका मिनिटात ओळखणार, कॅलेंडर काढणार आणि फुल्या सुरू! सलूनमध्ये कोणी ढुंकून बघत नाही अशी एकच वस्तू होती : मामांचं टॉनिक. जावईबापूंनी तीन रिकाम्या हिरव्या बाटल्या स्वच्छ धुतल्या, आपली तीन पेयं भरली आणि चार खऱ्या बाटल्यांच्या शेजारी उभी केली. ओळखण्यासाठी गळ्यात दोरे बांधले : डाळिंबाला लाल, चहाला पांढरा, आल्या-लिंबाला पिवळा. कोणाच्या बापाला कळणार नव्हतं!

एक्याण्णव दिवस कळलंही नाही. रोज पाचला ते पडद्यामागे जात, घोट घेत, डोळे मिटून "आहाहा" करत आणि ताजेतवाने होऊन बाहेर येत. सकाळी डोकं हलकं असे. हात असा स्थिर झाला होता की मिशीचा एक-एक केस मोजून कापावा. फक्त एक गोष्ट सलत होती. बायकोच्या काही लक्षातच येत नव्हतं! ते वेळेवर घरी येत, पोटभर जेवत, शीळ घालत भांडी विसळत. ती आपली वर बघत नव्हती की काही विचारत नव्हती. जावईबापू मनात म्हणत, बघ की एकदा! पण ती बघण्यालाही दमली होती.

ब्याण्णवाव्या दिवशी घात झाला. निवृत्त हेडमास्तर मामांच्या खुर्चीत बसले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता, त्यासाठी खास कटिंग चाललं होतं. कटिंग संपल्यावर मामांनी रिवाजाप्रमाणे हातआरसा त्यांच्या हातात दिला, मान मागून कशी दिसते ते बघायला. आता बावीस वर्षं आरशांमध्ये काढलेल्या जावईबापूंनी सगळ्या आरशांचा हिशेब केला होता. दोन्ही भिंतींच्या आरशांतून पडद्यामागचं दिसत नाही, हे त्यांनी चारचारदा तपासलं होतं. राहिला होता तो एवढा वीतभर हातआरसा!

हेडमास्तरांनी तो जरा तिरपा धरला. त्यात त्यांना स्वतःची मान दिसली, मानेच्या मागे पडद्याची फट दिसली, आणि फटीत जावईबापू दिसले. 'केसांचं टॉनिक. फक्त बाहेरून' ही बाटली त्यांनी तोंडाला लावली होती! गटागट प्याले, "आहाहा" म्हणाले, ओठ पुसले आणि बाटलीची चक्क पापी घेतली.

"काय सर, मान बरोबर आहे ना?" मामांनी विचारलं.

"मान... मान ठीक आहे," हेडमास्तर म्हणाले. "बाकीचं कठीण दिसतंय."

तिथून ते उठले ते थेट समोर औषधवाल्यांकडे गेले. पुढचं सगळं जावईबापूंना नंतर कळलं, पण झालं ते असं.

"समजा," हेडमास्तरांनी हलक्या आवाजात विचारलं, "समजा हं, एखादा माणूस केसांचं टॉनिक प्यायला, तर?"

"कोणाचं टॉनिक?"

"समजा, समोरचं."

औषधवाल्यांचा चेहरा पडला. "अहो, त्यात अर्ध्याच्या वर स्पिरिट असतं, मीच देतो ना! चुकून प्याला का?"

"चवीनं."

"मग संपलंच," औषधवाले म्हणाले. "साधी पुरेनाशी झाली की माणूस असल्या गोष्टींवर येतो."

अर्ध्या तासात बातमी मामांपर्यंत गेली आणि संध्याकाळी मामांनी ती लेकीला सांगितली. आणि मग तिला काय काय आठवलं म्हणता! "तरीच बाबा, रोज तोंडाला पुदिन्याचा वास येतो! वास मारायला खातात!" "तरीच वेळेवर घरी येतात. दुकानातच घेऊन झालेली असते ना!" "सकाळी सकाळी शीळ घालतात हो, म्हणजे सकाळीही चालू आहे!" मामांनी शेवटचा खिळा ठोकला : "आणि हात अजिबात कापत नाही, पोरी. म्हणजे आता त्यांना चढतसुद्धा नाही!" ब्याण्णव दिवसांत जावईबापूंनी जे जे चांगलं केलं होतं, ते सगळं एका संध्याकाळी त्यांच्यावर उलटलं. जिन्यातल्या प्रसंगाला न रडलेली बायको त्या दिवशी रडली.

त्र्याण्णवाव्या दिवशी सकाळी डब्यात नेहमीपेक्षा दुप्पट जेवण होतं आणि डबा देताना बायकोचे डोळे सुजलेले होते. सलूनमध्ये पाऊल टाकलं तर मामांनी चक्क स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली. औषधवाले काचेतून हात जोडून गेले. जावईबापू चक्रावले. आणि मग एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला : कळलं! सोडल्याचं सगळ्यांना कळलं!

मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, लपवू नका. मला सगळं कळलंय."

"कळलं? मामा, खरंच?" जावईबापूंनी मामांचा हात हातात घेतला. "आणि हिला?"

"तिलाही."

"काय म्हणाली हो?"

"काय म्हणणार? रडली बिचारी."

रडली! जावईबापूंना आनंदानं काय करावं ते सुचेना. "मी शंभर दिवस झाल्यावर सांगणार होतो, मामा. आज त्र्याण्णवावा!"

"त्र्याण्णव दिवस!" मामा मटकन स्टुलावर बसले. "रोज?"

"एक दिवस चुकवला नाही! सुरुवातीला जड गेलं, खोटं कशाला बोलू. आता मजा येते. आता तर मी हिलाही घ्यायला लावणार आहे. तुम्हीसुद्धा एकदा घेऊन बघा!"

मामांनी दोन्ही हातांनी आपलं टक्कल धरलं. तेवढ्यात दार वाजलं आणि एक दाढीवालं गिऱ्हाईक आलं म्हणून बोलणं तिथेच राहिलं. जावईबापू शीळ घालत वस्तऱ्याकडे वळले, पण वस्तरा जागेवर नव्हता. मामांनी तो खिशात घातला होता! "आज तुम्ही नुसते टॉवेल बघा," ते प्रेमानं म्हणाले. जावईबापूंना वाटलं, सत्कारमूर्तीला काम करू देत नसतील.

टॉवेल आणायला ते पडद्यामागे गेले. फळकूट रिकामं होतं. सातच्या सात बाटल्या गायब! बाहेर येऊन बघतात तो सगळ्या मामांच्या आरशाखाली, मामांच्या नजरेसमोर ओळीनं उभ्या होत्या, आणि एकाही बाटलीच्या गळ्यात दोरा नव्हता. मामांचा स्वच्छतेचा सोस सगळ्या गल्लीला ठाऊक होता.

"मामा, ते दोरे?"

"कसले कसले दोरे अडकले होते, काढून टाकले. पुसून लख्ख केल्यात बघा!"

आणि नेमके तेव्हाच हेडमास्तर आत आले. मेळाव्याला दोन तास होते; डोक्याला टॉनिक लावून मस्त मालिश करून घ्यायची होती. जावईबापूंकडे त्यांनी दयेनं पाहिलं आणि खुर्चीत बसले. मामांनी हात लांब केला. जावईबापू मनात मोजू लागले. सातात तीन! मामांनी दुसऱ्या नंबरची बाटली उचलली, ओंजळभर हातावर घेतली आणि हेडमास्तरांच्या डोक्यावर थापली.

फस्स आवाज झाला.

"आज वास छान आहे हो," हेडमास्तर म्हणाले. मामांचं नाक पन्नास वर्षांच्या पावडरींनी केव्हाच निवृत्त झालं होतं, त्यामुळे त्यांनी आणखी ओतलं. सोड्याचा फेस कानांपर्यंत आला. मग मध लागू झाला. मामांची बोटं केसांत शिरली ती बाहेर येईनात! त्यांनी फणी घातली, तर फणी तिथेच उभी राहिली. हेडमास्तरांच्या भुवईवर पुदिन्याचं एक पान येऊन बसलं.

"चुरचुरतंय!" हेडमास्तर ओरडले. "मामा, चुरचुरतंय! आग होतेय आग!"

"होणारच," मामा घाम पुसत म्हणाले. "मुळांपर्यंत जातंय ते."

जावईबापू टॉवेल चावत उभे होते. बोलावं तर पंचाईत, न बोलावं तर हेडमास्तरांचं डोकं आल्यात मुरणार! इतक्यात एक ओघळ हेडमास्तरांच्या नाकावरून ओठांवर आला. त्यांनी जीभ फिरवली आणि ते ताडकन उठून बसले. "गोड आहे! मामा, हे सरबत आहे!"

मामांनी बोट चाटलं. शेजारच्या बाटलीत बोट घातलं, चाटलं आणि तोंड वाकडं केलं. ते टॉनिक होतं. आणि मग त्यांनी हळूहळू जावईबापूंकडे वळून पाहिलं. आता यांना खरं काय ते कळणार, असं जावईबापूंना वाटलं. पण कसलं काय!

"अरे देवा!" मामा म्हणाले. "टॉनिक पिऊन टाकायचं, आणि कळू नये म्हणून बाटलीत सरबत भरून ठेवायचं! जावईबापू, इथवर गेलात?"

"काय? मी टॉनिक पितो?" जावईबापू किंचाळले.

"काल मी या डोळ्यांनी पाहिलं," हेडमास्तर म्हणाले. डोक्यावर फणी उभी असल्यामुळे ते फारच गंभीर दिसत होते. "पापीसुद्धा घेतलीत."

आरडाओरडा ऐकून औषधवाले पांढऱ्या कोटासकट धावत आले आणि आले तर आले, वाटेतून बायकोलाही फोन करून आले. ती दोन गल्ल्या पलीकडे पडद्यांच्या दुकानात कापड बेतायला होती. पाच मिनिटांत दारात उभी राहिली. गळ्यात मोजपट्टी तशीच, मनगटाला टाचण्यांची गादी तशीच.

जावईबापूंना आत्ता सकाळपासूनचा सगळा उलगडा झाला. डबा, सुजलेले डोळे, खांद्यावरचा हात. म्हणजे ती आनंदानं रडली नव्हती!

"मी सोडलीय!" ते म्हणाले. "अगं, मी दारू सोडलीय! आज त्र्याण्णव दिवस झाले! त्या बाटल्यांत माझं सरबत असतं, डाळिंबाचं, चहाचं..."

औषधवाल्यांनी खोकून घेतलं. मामा कॅलेंडरकडे बघत राहिले. सहाव्यांदा सोडलीय म्हणणाऱ्याकडे लोक ज्या नजरेनं बघतात त्या नजरेनं सगळे बघत होते. बायको खाली, फरशीवरच्या कापलेल्या केसांकडे बघत होती.

"मी म्हटलं होतं ना," ती म्हणाली, "मला काही सांगू नका."

हे मात्र जावईबापूंना सोसवलं नाही. "तोंडानं नाही सांगत! दाखवतो!" त्यांनी बाटल्यांच्या ओळीवरून हात फिरवला. "दोरे काढलेत म्हणून काय झालं? बावीस वर्षं बाटल्या उचलल्यात मी, नुसत्या वजनावरून सांगतो. ही! ही डाळिंबाची. आता बघा सगळ्यांनी!"

त्यांनी मोठ्या ऐटीत बूच काढलं, बाटली तोंडाला लावली आणि भलामोठा घोट घेतला.

ते टॉनिक होतं.

क्षणभर जावईबापूंचे डोळे नुसते मोठे मोठे होत गेले. आणि मग फवारा उडाला! अर्धा औषधवाल्यांच्या पांढऱ्या कोटावर, उरलेला आरशावर. "स्पिरिट!" ते ओरडले. "दारूच आहे ही! गेले! माझे त्र्याण्णव दिवस गेले!" चूळ भरायला ते बेसिनकडे धावले. एक चूळ, दोन चुळा, दहा चुळा. तेवढ्यानं समाधान होईना. जीभ बाहेर काढून त्यांनी टॉवेलनं खरखरून पुसली. मग दाढीवाल्या गिऱ्हाइकासाठी मामांनी मगात फेस घोटून ठेवला होता, त्यातला ब्रश उचलला आणि सगळ्यांदेखत जिभेवर घासायला सुरुवात केली! तोंडातून फेसाचे फुगे येत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि फुग्यांमधून एकच आवाज येत होता : "त्ल्याण्णव... फक्त साश दिवश लाहिले होते..."

दाढीवालं गिऱ्हाईक खुर्चीवरून उठलं आणि दाढी न करताच निघून गेलं.

बायको पुढे आली. तिनं बेसिनपाशी राहिलेली बाटली उचलली, हुंगली. मग बाकीच्या बाटल्या एक-एक करून हुंगल्या. एका बाटलीशी थांबली, एक घोट घेतला, पुन्हा एक घेतला. तिच्या ओठांना डाळिंबाचा लाल रंग आला. मग ती किती तरी वेळ नवऱ्याकडे बघत राहिली. वर बघून, सरळ.

"बाबा," ती म्हणाली, "हे खरं बोलतायत."

"कशावरून?" मामांनी विचारलं.

"थुंकले ते. बावीस वर्षं बघतेय मी यांना. कितीही झाली असली, जिन्यात पडले असले, तरी यांच्या तोंडातून एक थेंब कधी वाया गेला नाही. आज अख्खा घोट थुंकले." तिनं ब्रशकडे बोट दाखवलं. "आणि वर जीभ घासतायत, बघा ना!"

जावईबापूंच्या तोंडात ब्रश होता, त्यामुळे त्यांना काही बोलता आलं नाही. पण गेले तीन महिने छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा असं त्यांना झालं आणि ते तसेच, फेसासकट, हमसून हमसून रडले. बायकोनं टॉवेल घेतला आणि त्यांचं तोंड पुसलं. औषधवाल्यांनी कोट झटकायचं निमित्त करून पाठ फिरवली.

"पण मोजायचं कसं?" जरा वेळानं जावईबापूंनी घाबरत घाबरत विचारलं. "आता पुन्हा एकपासून का?"

हा मोठाच पेच होता. मामा म्हणाले, तोंडात गेली म्हणजे गेली. औषधवाले म्हणाले, पोटात गेली तरच गेली. शेवटी सगळे हेडमास्तरांकडे वळले. त्यांनी डोक्यातली फणी उपटायचा एक निष्फळ प्रयत्न केला आणि निकाल दिला : "चूक लिहिलं, पण स्वतःहून खोडलं. गुण कापता येत नाहीत."

"त्र्याण्णव म्हणजे त्र्याण्णव," बायको म्हणाली. "आणि उद्यापासून मी मोजणार."

मग काय, तिथेच बैठक जमली. मामांनी तोंड धुवायचे पेले विसळून आणले. डाळिंबाची बाटली बायकोनं कोणाला दिलीच नाही. औषधवाल्यांनी गार चहा घेतला आणि प्रकृतीला चांगला असल्याचा दाखला दिला. मामा तर आल्या-लिंबाच्या दोन घोटांत इतके खूश झाले, की आपल्या टॉनिकात आलं घालून बघायचं त्यांनी जाहीर केलं. हेडमास्तर तीनदा डोकं धुऊन मेळाव्याला गेले. तिथे त्यांच्याभोवती दोन गांधीलमाश्या शेवटपर्यंत फिरत होत्या आणि जुने विद्यार्थी म्हणत होते, सर अजून तसेच आहेत, कोणाला जवळ येऊ देत नाहीत!

पाच वाजता बायको पुन्हा सलूनमध्ये आली. इतक्या वर्षांत ती संध्याकाळची तिथे कधी फिरकली नव्हती. जावईबापूंनी दोन पेले भरले. तिचा तिला, आपला आपल्याला. तिनं घोट घेतला, डोळे मिटले आणि अगदी त्यांच्यासारखंच "आहाहा" म्हणाली. जावईबापूंनीही मोठ्या आनंदानं पेला तोंडाला लावला, घोट घेतला आणि गप्प बसले.

"काय हो? बरं झालं नाही का?"

"छान झालंय!"

पुढचे आठ दिवस जावईबापूंना डाळिंब दाढीच्या साबणासारखं लागलं, काळा चहा दाढीच्या साबणासारखा लागला आणि आलं-लिंबू तर सोड्यामुळे दाढीच्या साबणासारखं दिसूही लागलं. पण बायको रोज पाचला समोर बसून "कसं झालंय?" विचारायची, आणि ते रोज मिटक्या मारत सांगायचे, "वा!" दारू सोडल्यापासून तिच्याशी बोललेलं तेवढं एकच खोटं!